मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, बंद बाल्कनीत सुतारकाम करताना धूळ कशी आवरायची?

मोठा डस्ट कलेक्टर घेऊ नका. ४ इंची पाइपाचं ते यंत्र थिकनेसरसारख्या (फळीची जाडी एकसारखी करणाऱ्या) मशीनसाठी ठीक. सँडर, जिगसॉ, हातातली कटर मशीन एवढंच असेल तर वेट-ड्राय (ओलं-सुकं दोन्ही ओढणारा) व्हॅक्यूम पुरतो. मात्र त्याच्या आधी सायक्लोन, म्हणजे भुसा वेगळा करणारा शंकू, लावाच. हवा शंकूत गरगरते, जड भुसा खालच्या बादलीत पडतो आणि फिल्टर चोंदत नाही. पहिल्यांदा मी रंगाची २० लिटरची रिकामी बादली लावली होती. होज (व्हॅक्यूमचा लवचिक पाइप) तुंबला आणि बादली कागदाच्या द्रोणासारखी आत चेपली! जाड भिंतींचा ड्रम घ्या, झाकणाला रबरी गॅस्केट लावा. बारीकशी फट राहिली तरी सायक्लोन फुकट.

होज आखूड ठेवा आणि थेट मशीनच्या तोंडाला जोडा. माप जुळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवा, मस्त धरतो.

भुशापेक्षा न दिसणारी धूळ वाईट, ती फुफ्फुसात खोल जाते. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात (कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या) आहे, म्हणून व्हॅक्यूमला हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा) फिल्टर आणि तोंडावर एन९५ मास्क हवाच, एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) कापताना तर नक्कीच. काम संपल्यावरही अर्धा तास मास्क काढू नका, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. फक्त तो शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून नको.

पावसाळ्यात ड्रम रोज रिकामा करा, दमट भुशाला बुरशी धरते.