वाचकांचे प्रश्न: ट्रंकेतली चांदणी, भोकाचा पैसा आणि दुसरं महायुद्ध

गेल्या अंकात बेळगावच्या कॅम्पाबद्दल लिहिताना एक ओळ लिहून गेलो होतो, की मराठा रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून इथं आहे आणि दुसऱ्या महायुद्धात इथनं तयार होऊन गेलेली पोरं पार इटलीपर्यंत लढली. तेवढ्या एका ओळीवर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सगळे घेता येणार नाहीत, सहा घेतलेत.

प्रश्न (निपाणी, दहावीतली विद्यार्थिनी): सर, पुस्तकात व्हर्सायचा तह, हिटलर, पोलंड असं कारणं पाठ करायला दिलंय. खरं एका माणसाच्या डोक्यातनं एवढं मोठं युद्ध कसं काय सुरू होतंय?

बाळ, तुझा प्रश्न पुस्तकापेक्षा चांगला आहे. एका माणसाच्या डोक्यातनं होत नाही. पहिलं महायुद्ध हरल्यावर 28 जून 1919 ला जर्मनीकडून व्हर्सायला सही करून घेतली, युद्धाचा दोष तुमचा, नुकसानभरपाई तुम्ही द्या, सैन्य कमी करा, मुलूख सोडा. तो अपमान लोकांच्या मनात राहिला. मग 1923 मध्ये त्यांच्या पैशाची किंमत इतकी उतरली की आयुष्यभराची शिल्लक पावाच्या एका लादीला पुरेना, त्यातनं जरा सावरतात तोवर 1929 ची मंदी आली आणि 1932 पर्यंत साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार झाली. आता घरात चूल पेटत नाही आणि दारात एक माणूस येऊन सांगतोय की तुमची चूक काहीच नाही, सगळं त्या ज्यूंमुळं आणि त्या तहामुळं, तर लोक ऐकतात गं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव, हिटलरनं बंड करून सत्ता घेतली नाही, 30 जानेवारी 1933 ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं त्याला कायदेशीर चान्सलर नेमलं. बाकीच्या पुढाऱ्यांना वाटलं ह्याला आपण मुठीत ठेवू.

पुढं दर वेळी त्यानं एक पाऊल टाकलं आणि कुणी अडवलं नाही. 1936 ला ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घातलं, मार्च 1938 ला ऑस्ट्रिया गिळला, सप्टेंबर 1938 ला म्युनिकला ब्रिटनच्या चेंबरलेन आणि फ्रान्सच्या दलादियेनं चेकोस्लोव्हाकियाचा लचका स्वतःच्या हातानं त्याला दिला, तेही चेक लोकांना त्या बैठकीत न बसवता. मग 23 ऑगस्ट 1939 ला हिटलर आणि स्टालिन, एकमेकांचे पक्के वैरी, त्यांनी करार केला आणि पोलंड वाटून घ्यायचं आतल्या आत ठरवलं. 1 सप्टेंबरला जर्मनी पोलंडात घुसली, 3 तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सनं युद्ध पुकारलं.

ही झाली युरोपची बाजू. चिनी माणसाला विचारलंस तर तो म्हणेल आमचं युद्ध जुलै 1937 लाच सुरू झालं, कारण जपान तेव्हापासनं तिथं घुसला होता. इटलीनं 1935 ला ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हाही राष्ट्रसंघ बघत बसला. म्हणून परीक्षेत कारणं लिहिताना हिटलरचं नाव लिहीच, साठ लाख ज्यूंच्या खुनाची जबाबदारी त्याची आणि त्याच्या माणसांची आहे, ती कशानं कमी होत नाही, खरं सोबत हेही लिही की अडवायची ताकद असलेल्यांनी चारदा मान दुसरीकडं वळवली.

प्रश्न (संकेश्वर): आमच्या ग्रुपवर वाद चाललाय. एकजण म्हणतोय चर्चिल थोर, दुसरा म्हणतोय खुनी. तुम्ही काय म्हणता?

1940 च्या मे महिन्यात चर्चिल पंतप्रधान झाला तेव्हा फ्रान्स पडायला लागलं होतं आणि त्याच्याच मंत्रिमंडळात तडजोडीची भाषा निघाली होती. तो वाकला नाही. वाकला असता तर सगळं युरोप नाझींच्या टाचेखाली किती वर्षं राहिलं असतं सांगता येत नाही. हे त्याचं मोठं काम, ते मान्य करायलाच पाहिजे.

आणि 1943 चा बंगाल. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, ऑक्टोबर 1942 ला मेदिनीपूरला वादळ आलं, त्यात जपानी येतील म्हणून सरकारनंच किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या आणि तांदूळ उचलला, भाव आभाळाला भिडले. मजूर, कोळी, नावाडी ह्यांच्या हातात पैसाच नव्हता. ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ॲमरी आणि नवे व्हाइसरॉय वेव्हेल धान्याची जहाजं पाठवा म्हणून पुन्हा पुन्हा मागणी करत होते, चर्चिलच्या वॉर कॅबिनेटनं मागितलं त्याच्या मानानं फार थोडं दिलं. तीस लाखांच्या घरात माणसं गेली. मला विचाराल तर हे पाप त्याच्या नावावरनं पुसता येत नाही, लंडन वाचवलं म्हणून मेदिनीपूर माफ होत नाही. तुमच्या ग्रुपवरचे दोघेही अर्धं अर्धं बोलालेत.

प्रश्न (खानापूर तालुका): आजीच्या बटव्यात मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा मिळालाय, वर मुकुट, साल 1943. भोक का? आणि युद्धात इकडं आपल्या भागात नक्की काय झालं होतं?

तांब्यासारखा दिसला तरी तो ब्राँझचा. तो भोकाचा पैसा 1943 ते 1947 पाडला. युद्धात धातू लागत होता, सुट्ट्या पैशाची टंचाईही भयंकर होती, म्हणून मधला गोल काढून टाकून आधीच्यापेक्षा हलका पैसा केला. चौसष्ट पैशांचा रुपया. आमच्या घरी तसे नऊ पैसे काळ्या करगोट्यात ओवलेले होते, लहानपणी मी ते खुळखुळ्यासारखे वाजवायचो, हातात घेतले की कडा गुळगुळीत लागायच्या. रुपयाचंही तसंच झालं बघा, आधी त्यात शेकडा 91.7 चांदी असायची, 1940 ला ती निम्म्यावर आणली, एक रुपयाची कागदी नोट चालवली. लोकांनी जुने चांदीचे रुपये मडक्यात घालून पुरले, ते काही खुळे नव्हते.

महागाई का झाली हे मात्र समजून घ्या. ब्रिटिश सरकार इथनं कापड, धान्य, कातडं, तंबू, दारूगोळा सगळं उचलत होतं आणि त्यातल्या मोठ्या हिश्शाचे पैसे लंडनमध्ये आपल्या नावावर पौंडात मांडून ठेवत होतं. इथल्या व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला पैसे द्यायला रिझर्व्ह बँक त्या पौंडांच्या जोरावर नोटा छापत होती. माल गेला बाहेर, नोटा आल्या आत. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सुमारे 130 कोटी पौंड देणं लागत होतं. ती उधारी गरिबाच्या ताटातनं गेली.

माझी आजी कडोलीची. तिला हिटलर ठाऊक नव्हता खरं 'कंट्रोल' ठाऊक होतं. रेशनच्या दुकानाला ती मरेपर्यंत कंट्रोलच म्हणायची. मार्च 1942 ला रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचं तेल थांबलं, राकेल मिळेना, म्हणून घरी दिवेलागणीच्या आधीच जेवणं उरकायची, नंतर करंजाच्या तेलाची पणती, तीपण फक्त बाळंतिणीच्या खोलीत. ती सांगायची, लुगडं फाटलं की दुसऱ्या फाटक्या लुगड्याचा धड तुकडा त्याला जोडायचा, दोन फाटक्यांचं एक. हे सांगताना ती बोटांनी शिवण दाखवायची, हवेत.

निपाणीच्या दुसऱ्या एका वाचकानं ह्याच्यातच विचारलंय की तंबाखूवरचा सरकारी कर युद्धातच आला हे आजोबांचं म्हणणं बरोबर का. बरोबर. 1943 ला युद्धाचा खर्च भागवायला तंबाखूवर एक्साईज बसवली. तोवर शेतकरी आणि व्यापारी ह्यांच्यात सौदा व्हायचा, आता मधे एक्साईजवाला आला, वखारीत किती माल, कुठं निघाला, सगळ्याला नोंद आणि परमिट. युद्ध 1945 ला संपलं, तंबाखूच्या पानावरची एक्साईज उठायला 1979 उजाडलं.

प्रश्न (चिकोडी): गांधीजी 'चले जाव' म्हणत असताना आपली माणसं इंग्रजांच्या सैन्यात का गेली? हे बोलायला घरात लाज वाटते.

लाज वाटून घेऊ नका हो, अजिबात. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं भारत युद्धात उतरला म्हणून जाहीर केलं, इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता. त्याच मुद्द्यावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात आपला भाग ज्या मुंबई इलाख्यात होता तिथलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही होतं. म्हणजे युद्ध आपलं नव्हतं हे त्या काळीच सगळ्यांना कळत होतं.

तरी युद्ध संपेतोवर फौज पंचवीस लाखांच्या पुढं गेली, आणि सक्तीची भरती नव्हती. एक एकर वरकस जमीन, चार भाऊ, डोक्यावर सावकार, आणि कॅम्पात भरती उघडली की पगार, कपडे, बूट, घरी मनीऑर्डर. कुणाच्या घरात आजा, चुलता आधीच पलटणीत. त्या पोराला तुम्ही काय म्हणणार होता? कितीतरी घरांत एक भाऊ पलटणीत आणि दुसरा 1942 च्या चळवळीत पोलिसांना चुकवत रानात, आणि आई दोघांसाठी एकाच देवाला नवस बोलायची. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्यांतले हजारो पुढं आझाद हिंद सेनेत गेले, तेही आधी ह्याच फौजेतले शिपाई.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): कोल्हापूरजवळ पोलंडचे लोक राहत होते असं ऐकलं. खरंच की कहाणी?

अगदी खरं. वळिवडे, मिरज-कोल्हापूर लाइनीवर आहे, गाडीनं जाताना स्टेशन लागतं. 1943 पासून 1948 पर्यंत तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसांची छावणी होती, जास्त करून बायका आणि पोरं. वर त्या दहावीच्या मुलीला मी हिटलर-स्टालिन कराराचं सांगितलं ना, त्याच करारानं 17 सप्टेंबर 1939 ला रशिया पूर्वेकडनं पोलंडात घुसला आणि तिथली लाखो माणसं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेली. 1941 ला हिटलरनं रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, मग इराण, कराची करत करत काहीजण इथवर आले. बर्फातनं उठून पंचगंगेच्या काठी! तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. त्या दोघांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मॉस्कोत एका कागदावर सह्या केल्या आणि चार वर्षांनी पोलंडची पोरं वळिवड्याच्या उन्हात शाळेला जायला लागली, हे मी वर्गात शिकवायचो तेव्हा पोरं नकाशावर बोट फिरवत बसायची.

प्रश्न (येळ्ळूर): पणजोबांच्या ट्रंकेत सहा टोकांची पितळी चांदणी आहे, रिबीन लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. ते इटलीत होते म्हणतात, खरं कुठं होते हे सांगणारं आता कुणी राहिलं नाही. चांदणी विकायला एकजण मागे लागलाय.

आधी एक काम करा दादा, ती विकू नका. ही 'इटली स्टार', मधल्या गोलात इंग्रजीत तेच कोरलेलं असणार, जून 1943 ते मे 1945 मध्ये त्या आघाडीवर असलेल्यांना दिलेली. शेजारी आणखी चांदण्या असतील तर रिबिनी बघा. फिकट मातकट रंगात मधे रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोन निळे असतील तर आफ्रिका, मधे रुंद लाल आणि कडेला गडद निळ्यात नारिंगी असेल तर ब्रह्मदेश.

इटलीत आपल्या मराठा पलटणींनी जे केलं ते तुमच्या घरात कळायला पाहिजे. 10 जुलै 1944, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, रायगडकडचे, वय 22. मशीनगननं त्यांची सगळी तुकडी पडली किंवा जखमी झाली, हे एकटे धावत गेले, हातगोळा टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं, आणि तिथंच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून गेले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, त्यांनी दोन जखमींना पाण्यातनं, सुरुंगांतनं उचलून आणलं, मग तीन मशीनगना गप्प केल्या आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची आरोळी दिली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. घाडग्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, आणि सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात, जिथं आपल्या शेकडो जवानांना अग्नी दिला त्यांचीही नावं कोरलेली आहेत.

तुमचे पणजोबा परत आले, म्हणून त्या यादीत नाव मिळणार नाही. ट्रंकेचा तळचा कागद उचलून बघा, बऱ्याच घरात डिस्चार्जचं पुस्तक किंवा पेन्शनचा कागद तिथंच सापडतो. त्यावर नंबर, पलटण आणि भरतीची तारीख असते. नंबर मिळाला की तो घेऊन कॅम्पात रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज करता येतो, पलटण एकदा कळली की ते कुठल्या नदीकाठी होते तेही शोधता येईल. आणि चांदणीला चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, मऊ सुती कपड्यानं नुसती पुसा, रिबीन तर धुवूच नका. कागद सापडला तर त्याचा फोटो मला पाठवा, नंबराचं अक्षर लागत नसेल तर आपण दोघं मिळून लावू.