पावसाळी हवेत मासेमारीच्या फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं नकली आमिष) ठेवायला कोणता डबा घ्यावा? (खानापूर भागातून विचारलेला प्रश्न)

तुमच्याकडे पहिला शत्रू गंज, हे धरूनच डबा निवडा. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात कपडे वाळत नाहीत, तिथं गळाचं पोलाद काय टिकणार?

पाण्यावर तरंगणारी फ्लाय आणि बुडणारी फ्लाय एका डब्यात नकोत. तरंगणारीचा सगळा जीव तिच्या गळ्याभोवतीच्या पिसांत असतो. ती फोममध्ये दाबून बसवली की पिसं चपटी होतात आणि मग ती नीट तरंगत नाही. तिला खोल खणांचा डबा घ्या, आणि खण गच्च भरू नका. पिसं दबलीच असतील तर चिमट्यात धरून चहाच्या किटलीच्या वाफेवर क्षणभर फिरवा, परत उभी राहतात. बुडणाऱ्या फ्लायना चिरा पाडलेला फोम उत्तम. हिडकलच्या जलाशयासाठी मोठ्या, माशाच्या आकाराच्या फ्लाय नेत असाल तर त्यांना लांब, वेगळा डबा लागेल.

घट्ट रबरी कडेचा डबा पाणी बाहेर ठेवतो, पण आत शिरलेला ओलावाही तसाच धरून ठेवतो. म्हणून वापरलेली फ्लाय लगेच डब्यात टाकू नका. टोपीला किंवा जाकिटावरच्या फोमच्या तुकड्याला लावा, घरी आल्यावर डबे उघडे ठेवून रात्रभर वाळू द्या. आत सिलिका जेलची पुडी टाका. एक गंजका गळ दिसला तरी काढा, त्याचा डाग शेजारच्या पिसांना लागतो.

कसर लागेल म्हणून डांबर गोळी मात्र टाकू नका, काही प्लास्टिक तिनं विरघळतं.