पुलाची तपासणी झाली, हे कसे कळावे?

प्रश्न : आमच्या गावाच्या दगडी कमानींच्या जुन्या पुलाची दर पावसाळ्यापूर्वी तपासणी होते, असे सांगितले जाते. याची खात्री कशी करावी?

उत्तर : पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे की जिल्हा परिषदेचा, हे आधी पाहा आणि त्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली पावसाळ्यापूर्वीचा व नंतरचा तपासणी अहवाल मागा. ‘पूल सुस्थितीत’ एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नका. महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळून एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या, आणि त्याची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. मुंबईतील हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी पडला. त्यालाही संरचनात्मक तपासणीत वापरास योग्य ठरवले होते. कठडे आणि डांबर वरून दिसतात, परंतु पुराने खांबांच्या पायाखालची वाळू खरवडून नेली असेल तर ते पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही. म्हणून पायाची धूप मोजली का, कमानींचे सांधे जवळून पाहिले का आणि अहवालावर कोणत्या अभियंत्याची सही आहे, हे अर्जात स्पष्ट विचारा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.