शहरातल्या बिल्डिंगच्या गच्चीवरून शनीची कडी दिसतात का? मुलासाठी किती मोठा टेलिस्कोप घ्यावा?

दिसतात. ठाण्यातून दिसतात, हायवेला लागून असलेल्या बिल्डिंगवरून दिसतात, समोरच्या दुकानाचा बोर्ड रात्रभर भगभगत असला तरी दिसतात. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शेजारी म्हणाले "शहरात काही दिसत नाही, त्यासाठी गावाला जावं लागतं", तर त्या शेजाऱ्यांनी एकतर कधी आयपीसला (टेलिस्कोपची डोळा लावायची भिंग) डोळा लावलेला नाही किंवा लावला असेल तर भलत्या वर्षी लावलाय. ह्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या एका गृहस्थांशी माझं २०२५ च्या ऑक्टोबरपासून वाजलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. घाई असेल तर टेलिस्कोपचं खाली आहे, सरळ तिकडे जा.

आमच्या सोसायटीत गच्चीला कायम कुलूप. टाक्या आहेत, लिफ्टची मशीन रूम आहे, पोरं वाकून बघतात, सगळी कारणं मान्य. पण वर्षातून एकदा कोजागिरीला कुलूप निघतं कारण मसाला दूध आटवायला कमिटीलाच गच्ची लागते. २०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती आणि त्या रात्री शनी चंद्राच्या अगदी जवळ होता, आयतीच संधी, म्हणून मी माझा साडेचार इंची आरशाचा डॉब्सोनियन टेलिस्कोप (सेकंडहँड घेतलेला, ठोकळ्यावर बसणारा, ट्रायपॉड नाही) लिफ्टने वर नेला. आधी पोरांची रांग लागली, मग पोरांच्या आयांची. पूर्ण चंद्र डोक्यावर आलेला, खाली हायवेचे दिवे, मधेच ढग, म्हणजे काळोखाचं नाव नाही. आणि ९० पटीत शनी कसा होता सांगते : फिकट पिवळा गोळा, दोन्ही टोकांना किंचित चपटा, आणि त्याच्या बरोबर मधोमध आरपार गेलेली एक सरळ रेघ, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. थोडा वेळ डोळा स्थिर ठेवला की बाजूला एक बारीक ठिपका, तो टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. पाचवीतल्या एका मुलीने ती रेघ वहीत पट्टीने काढून दाखवली, इतकी स्पष्ट होती.

मग आले आमचे सेक्रेटरी काका. हातात दुधाचा ग्लास, डोळा लावला न लावला आणि म्हणाले, "वहिनी, कडी कुठायत? हा तर नुसता गोळा आहे. म्हटलं होतं ना, शहरातून नाही दिसत." मी म्हटलं काका, ती मधली रेघ म्हणजेच कडी, यंदा ती आडवी आहेत. तर हसले. "आडवी आहेत म्हणे" असं तीन जणांना सांगत फिरले आणि नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये पोरांसाठी महिन्यातून एक रात्र गच्ची उघडा असा माझा अर्ज आला तेव्हा इतिवृत्तात चक्क लिहून घेतलं की गच्चीवरून ग्रह दिसत नसल्याचं प्रत्यक्ष पाहण्यात आल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे. प्रत्यक्ष पाहण्यात! हे वाक्य अजून फाईलमध्ये आहे.

आता तुमच्या प्रश्नाशी ह्याचा संबंध असा की तुम्हीही मुलाला घेऊन बघायला गेलात आणि पुस्तकातल्यासारखी रुंद कडी दिसली नाहीत तर शहराला किंवा टेलिस्कोपला शिव्या घालाल. शनीचा आस २६.७ अंश कललेला आहे आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. कडी त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत, ती पातळी अवकाशात आपली दिशा सोडत नाही, त्यामुळे फेरीत दोनदा अशी वेळ येते की आपण बरोब्बर कडेवरून बघत असतो, जेवणाचं ताट डोळ्यांच्या पातळीत आडवं धरल्यासारखं. ह्या कड्यांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास आणि जाडी बऱ्याच भागात दहा मीटरच्या घरात, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या तीन मजल्यांएवढी. १२०-१३० कोटी किलोमीटरवरून तीन मजले काय दिसणार? २३ मार्च २०२५ ला पृथ्वी नेमकी त्या पातळीतून गेली, पण तेव्हा शनी सूर्याच्या अगदी शेजारी होता म्हणून कोणालाच काही बघता आलं नाही. नंतर कडी जराशी उघडली, आणि पृथ्वी स्वतः फिरत असल्यामुळे आपला कोन बदलून नोव्हेंबरअखेर परत मिटत आली, जेमतेम अर्धा अंशसुद्धा उरला नाही. कोजागिरी ह्या दोन्हींच्या मधे आली. काकांना जे दिसलं ते तंतोतंत खरं दिसलं, निष्कर्ष तेवढा भलता काढला.

आणि ह्यात त्यांची पंचाईत जगावेगळी नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये शनी बघितला तेव्हा त्याला बाजूला दोन गोळे चिकटल्यासारखे वाटले, १६१२ मध्ये बघतो तर गायब, कारण तेव्हाही कडी आडवी झालेली. माणूस चक्रावून गेला. ते कडं आहे हे हायगेन्स ह्या डच शास्त्रज्ञाने १६५९ मध्ये छापून सांगितलं, मधे जवळजवळ पन्नास वर्षं युरोपातले भले भले डोकं खाजवत होते. फरक इतकाच की गॅलिलिओने इतिवृत्तात ठराव नाही घातला.

"शहरातून दिसत नाही" ह्याबद्दल एकदाचं. शहराच्या उजेडाने मार खातात त्या फिकट, पसरट गोष्टी : आकाशगंगेचा पट्टा, तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, बहुतेक धूमकेतू. ग्रह त्यात येत नाहीत. शनीवर आपल्या नव्वदाव्या हिश्श्याइतकाच सूर्यप्रकाश पडतो, तरीही त्याची चकती शहराच्या भुरकट आकाशापेक्षा हजारो पट उजळ असते. पूर्ण चंद्र शेजारी असताना दिसला म्हटल्यावर हायवेच्या दिव्यांची काय कथा. ग्रहांची वाट लावते ती हवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, एसीच्या बाहेरच्या युनिटमधून गरम हवा येते, आणि त्यातून बघितलं की शनी पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा लहरतो. म्हणून टेलिस्कोप अर्धा तास आधी उघड्यावर ठेवायचा, कुठल्याही छपराच्या लगेच वरून बघायचं नाही, ग्रह जितका वर चढेल तितकं चांगलं. आणि मुंबई-ठाण्याच्या थंडीतल्या हलक्या धुरकटात, तारे फारसे दिसत नसताना, ग्रह कित्येकदा जास्त स्थिर दिसतात, कारण हवा हलत नसते. लोकांना हे पटत नाही, पण बघून घ्या.

आता गच्ची नाही तर नाही म्हणून मी १० जानेवारी २०२६ ला, शनिवार होता, टेलिस्कोप पार्किंगमध्ये लावला. त्या दिवशी गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, मिथुन राशीत, आणि आपल्या अक्षांशावरून रात्री जवळजवळ माथ्यावर येतो, त्यामुळे दोन विंगच्या मधल्या आकाशाच्या पट्टीतून मस्त सापडला. डोक्यावर ट्यूबलाइट (बंद करू दिली नाही, सीसीटीव्हीला लागते म्हणे). गुरूचे दोन तपकिरी पट्टे आणि ओळीत त्याचे चंद्र. वॉचमनदादाने सगळ्यात जास्त वेळ बघितलं, आणि दुसऱ्या रात्री स्वतःहून येऊन म्हणाला, "ताई, कालचे ठिपके जागचे हललेत." अहो हलणारच, त्यातला आयो नावाचा चंद्र तर साडेबेचाळीस तासांत गुरूला फेरी मारतो. ह्याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे बघून रोमर ह्या खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे काढलं. आमच्या वॉचमनची नजर सेक्रेटरींपेक्षा बरी हे मात्र तिथेच सिद्ध झालं.

काकाही आले होते तेव्हा. गुरू बघितला, पट्टे दिसले, नाही म्हणता येईना, तर म्हणाले "हा मोठा आहे म्हणून दिसतो, शनीचं वेगळं." इथे मला सोडायचं नव्हतं. गुरू मोठा आहेच, पण शनीची कडी धरली तर जवळ असताना तो आकाशात ४४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यापतो आणि गुरूची चकती ४६ च्या आसपास. म्हणजे जो टेलिस्कोप पार्किंगमधून गुरू दाखवतो तोच गच्चीवरून शनीची कडी दाखवणार. ह्यावर उत्तर आलं नाही, "शनीला २७४ चंद्र आहेत म्हणे, तुमच्यातून किती दिसतात?" असा फाटा आला. २०२५ च्या मार्चमध्ये एकदम १२८ नवे मोजले गेले तेव्हा तो आकडा झाला हे खरं, पण त्यातले बहुतेक दोन-चार किलोमीटरचे दगड आहेत, ते जगातल्या कुठल्याच घरगुती टेलिस्कोपमधून दिसत नाहीत, शहराबाहेरच्या अंधाऱ्या वांगणीला जा नाहीतर लडाखला. टायटन दिसतो, तो बुध ग्रहापेक्षा मोठा आहे, तेवढा पुरे.

बरं, टेलिस्कोप. कडी आहेत एवढं कळायला ६० मिलिमीटरची लेन्स आणि ३० पट मोठेपणा पुरतो. साधी १०×५० ची (दहा पट मोठेपणा, ५० मिलिमीटरच्या लेन्स) दोन डोळ्यांची दुर्बीण मात्र पुरत नाही, तिच्यातून फार तर लांबट ठिपका दिसेल (गुरूचे चंद्र आणि आपल्या चंद्राचे खड्डे तिच्यातून छान दिसतात). बजेट असेल तर साडेचार-पाच इंची आरशाचा ठोकळ्यावर बसणारा घ्या. खोक्यावर "५२५ पट" लिहिलेला, काटकुळ्या अॅल्युमिनियमच्या पायांवर उभा राहणारा घेऊ नका, मग दुकानदार काहीही सांगू दे. जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट, ह्याच्या वर मोठेपणा कामाचा नसतो, म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट, त्याच्या पुढे नुसता धूसर लाडू. आणि स्टँड हलला तर १२० पटीत हात लागताच ग्रह बाहेर. मुलाला आधीच सांगून ठेवा की कॅसिनी यानाचे फोटो शनीच्या शेजारून काढलेत, १३ वर्षं तिथे घिरट्या घालत होतं ते. आपल्याला ३६ पटीत शनी कड्यांसकट नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्रापेक्षा थोडा लहानच दिसतो. पण खरा असतो.

कधी बघायचं : २०२६ च्या मार्चमध्ये शनी सूर्याआड, मग पावसाळा. ४ ऑक्टोबर २०२६ ला तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतोय, तेव्हा कडी सात-साडेसात अंश उघडलेली असतील, म्हणजे रेघेचं लांबट कडं झालेलं स्पष्ट कळेल. नंतर दरवर्षी जास्त, २०३२ च्या सुमारास पूर्ण २७ अंश. तुमच्या सोसायटीत गच्चीची भानगड असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच टाका, लेखी, पोच घेऊन, आणि अर्जातच लिहा की २०२५ मध्ये कोणी बघून "दिसत नाही" म्हटलं असेल तर ते ग्राह्य धरू नये. मी आमच्याकडे तसंच करणार आहे आणि काकांना पहिला नंबर देणार आहे, दुधाचा ग्लास खाली ठेवायला लावून.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. अंधार कशालाच लागत नाही असं मी म्हणत नाहीये. डिसेंबरमधला मिथुन राशीतला उल्कावर्षाव (तो फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीमुळे होतो, धूमकेतूच्या नाही) शहरातून बघणं म्हणजे रात्र फुकट, त्याला खरंच बाहेर जा, खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम असतात, पुण्यात असाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. युरेनस-नेपच्यून शहरातून सापडतात पण ठिपकेच, मूल कंटाळेल. सूर्याकडे टेलिस्कोप कधीही वळवू द्यायचा नाही, फिल्टर-बिल्टर मिळाला तरी आयपीसला लावायचा तो तर अजिबात नाही, तडकतो. आणि कोकणपट्टीत राहत असाल तर जून ते सप्टेंबर आरसा सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते आणि ती पुसायला गेलात की आरशाचा मुलामाच निघतो.