मशीनला तीन वर्षं, काजू बीला सहा महिने

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखानदाराचा भलामोठा मेसेज आलाय. असलेच मेसेज मला वर्षभरात मालवणहून आले, राजापूरहून आले, एक तर गुहागरहून आला, माल वेगळा, देश वेगळा, रड तीच. म्हणून नाव-गाव झाकून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो.

प्रकरण असं. एप्रिल २०२४ ला यांनी आयव्हरी कोस्टच्या एका विक्रेत्याला दोन कंटेनर काजू बीसाठी ४१,६०० डॉलर ॲडव्हान्स पाठवला. ३२ टन माल, टनाला १,३०० डॉलर. जूनमध्ये एक कंटेनर न्हावाशेव्याला उतरला, दुसरा आजतागायत नाही. बँकेने मेल केले, यांनी उत्तर दिलं नाही. आता यंदाच्या सीझनसाठी पैसे पाठवायला गेले तर बँक म्हणते आधी जुनी नोंद मिटवा. विचारतात की बँक असं अडवू शकते का, सीए म्हणतो तसं सेल्फ डिक्लरेशन देऊन सुटका होईल का, आणि विक्रेता आता अर्धे पैसे मुंबईतल्या एका माणसाकडून रोखीने द्यायला तयार आहे तर ते घ्यावेत का.

विक्रेता कसा लबाड, भाव वाढल्यावर त्याने माल दुसऱ्याला कसा विकला, आउटटर्न (८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो तो आकडा) ४८ सांगून बी कापली तर ४२ च कसा निघाला, यावर तुम्ही तीन पानं लिहिलीत. असेल खरं. पण तुमचं प्रकरण ज्या वाक्यावर अडलंय ते वाक्य तुम्ही मधेच कुठेतरी सहज टाकून दिलंय: 'लांज्याच्या मित्राला बँकेने मशीनसाठी तीन वर्षं दिली होती, म्हणून मला वाटलं आपल्यालाही २०२७ पर्यंत वेळ आहे.'

अहो, मित्राने मशीन मागवलं होतं. व्हिएतनामचं काजू फोडायचं मशीन, म्हणजे भांडवली माल, कॅपिटल गुड्स. ॲडव्हान्स पाठवल्यापासून तीन वर्षांत माल देशात यायला हवा ही मुदत फक्त त्याला. काजू बी हा कच्चा माल, त्याला सहा महिने. आणि ते मोजायचे पैसे गेल्या तारखेपासून, करार झाला तेव्हापासून नाही आणि विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर 'नेक्स्ट वीक शुअर, माय फ्रेंड' म्हटलं त्या दिवसापासून तर नाहीच. तुमचे पैसे १८ एप्रिलला गेले, म्हणजे मुदत १८ ऑक्टोबर २०२४ ला संपली, त्यापुढे पंधरा दिवसांत माल आल्याचा पुरावा बँकेत द्यायचा होता. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही म्हणता. सांगितलं होतं. पैसे पाठवताना बँकेत जो गठ्ठा पुढे केला आणि पेन्सिलने फुल्या मारलेल्या जागी तुम्ही सह्या ठोकत गेलात, त्यातल्या एका कागदावर हेच हमीपत्र होतं. माझ्या टेबलावर आलेल्या दहापैकी नऊ लोकांनी तो कागद वाचलेला नसतो आणि प्रतही घेतलेली नसते. पहिलं काम तेच करा, त्या कागदाची प्रत बँकेतून काढून आणा.

आता या तारखेला एवढं महत्त्व का. फेमा म्हणजे १९९९ चा परकीय चलनाचा कायदा, त्याच्या कलम १० पोटकलम ६ मध्ये सरळ लिहिलंय की ज्या कामासाठी परकीय चलन घेतलं त्या कामाला ते वापरलं नाही किंवा मुदतीत परत केलं नाही, तर तो भंग धरला जातो. तुमचा हेतू काय होता हे त्यात कोणी विचारत नाही, तो मुद्दा आला तर दंड किती यावेळी येतो. कलम ८ म्हणतं की तुमचं येणं परदेशात अडकलंय तर ते वसूल करून आणायला वाजवी प्रयत्न तुम्ही केलेच पाहिजेत. ही दोन कलमं एकत्र वाचा म्हणजे कळेल बँक, रिझर्व्ह बँक सगळे तुम्हाला एकच गोष्ट का विचारणार: १८ ऑक्टोबरच्या आधी तुम्ही बँकेला एक ओळ तरी लिहिली होती का? की माल अडकलाय, मुदत वाढवून द्या, ही विक्रेत्याची पत्रं. योग्य कारण दाखवलं तर बँक बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आल्याचा कस्टम्सचा कागद, द्यायची मुदत वाढवून देऊ शकते, तशी नोंद आयडीपीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या आयातीच्या सिस्टीममध्ये करायची सोयच आहे. ऑक्टोबर २०१६ पासून प्रत्येक आयातीचं पेमेंट आणि प्रत्येक बिल ऑफ एंट्री त्या सिस्टीममध्ये समोरासमोर बसवली जाते, जोडी जुळली नाही की नोंद उघडी राहते. साध्या एका पानाच्या अर्जाने जे झालं असतं ते तुम्ही 'सगळा बरोबर होतला' म्हणत दीड वर्ष लोंबकळत ठेवलंत. बँकेचे चार मेल स्पॅममध्ये गेले हेही ऐकलं, पण चारही?

बरं, झालं ते झालं. आता काय उरलंय ते बघू.

आधी पहिला कंटेनर, कारण तिथे तुमचं अर्धं ओझं विनाकारण अडकलंय असा माझा संशय आहे. माल आलाय, ड्युटी भरलीय, बिल ऑफ एंट्री झालीय, तरी बँक पूर्ण ४१,६०० डॉलर उघडे दाखवते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बिल ऑफ एंट्रीवरचा एडी कोड, म्हणजे पेमेंट कुठल्या बँकेतून ते सांगणारा नंबर, नीट बघितला तर तो तुमच्या आताच्या बँकेचा वाटत नाही. तुमचं खातं आधी दुसरीकडे होतं ना? कस्टम हाऊस एजंटने जुन्या फाइलमधला कोड उचलून टाकला असणार, हे सर्रास होतं. मग कस्टम्सकडून ती बिल ऑफ एंट्री जुन्या बँकेच्या खात्यात जाऊन बसते, पेमेंट नव्या बँकेत, आणि दोन्हीकडे दोन नोंदी आयुष्यभर एकमेकींची वाट बघत राहतात. एजंटला फोन करा, जुन्या बँकेत अर्ज द्या, तिची एनओसी घेऊन ती बिल ऑफ एंट्री या बँकेच्या पेमेंटला जोडून घ्या. पद्धत बँकेगणिक थोडी वेगळी असते, त्यामुळे नक्की कुठले कागद हे मी इथे बसून सांगणार नाही, पण एवढं झालं तरी भंगाची रक्कम निम्म्यावर येते, आणि दंडाचा हिशोब रकमेवरच असतो.

दुसरा कंटेनर. तुम्ही लिहिलंय की कोणीतरी 'शॉर्ट शिपमेंट दाखवा' असा सल्ला दिलाय. माल कमी आला, क्वालिटीत मार खाल्ला किंवा पोर्टने, कस्टम्सने, आरोग्य खात्याने नष्ट केला, तर समाधानकारक कागद बघून बँक रक्कम कितीही असली तरी नोंद बंद करू शकते, हे खरं आहे. पण कागद कुठले? शॉर्ट शिपमेंट म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर (जहाजात माल चढवल्याच्या पावतीवर) एक आकडा आणि उतरला त्याहून कमी. तुमच्या दुसऱ्या कंटेनरची बिल ऑफ लेडिंगच नाही, तो आयव्हरी कोस्टच्या आबिदजान बंदरात चढलाच नाही. हा माल कमी आल्याचा प्रकार मला तरी वाटत नाही, हा माल न आल्याचा प्रकार आहे. बँक कदाचित वेगळं मत घेईल, विचारून बघायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आउटटर्नचं म्हणाल तर तुम्ही आणि तुमच्या सुपरवायझरने अंगणात बसून किलोभर बी कापून बघितली आणि मोबाईलवर फोटो काढला, त्याला कोणी सर्व्हे रिपोर्ट म्हणत नाही. कंटेनर उघडायच्या वेळी स्वतंत्र सर्व्हेअर बोलवायला जो खर्च येतो तो वाचवलात आणि सहा पौंडाचा क्लेम घालवलात. तो विषय आता सोडा.

सीएच्या डिक्लरेशनचं. १ ऑक्टोबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या सर्क्युलरने दहा लाखांपर्यंतच्या नोंदी पार्टीच्या डिक्लरेशनवर बंद करायची सोय केली, ती बातमी वाचून सीए बोलला असणार. तुमचं पेमेंट तेव्हाच्या दराने ३४ लाखांच्या पुढे, निम्मं धरलं तरी १७. मर्यादा एकेका नोंदीची आहे, तुकडे पाडून बसवायची नाही. आणि आलेला नसलेला माल आलाय म्हणून सही करायची, तर आजचं दिवाणी स्वरूपाचं प्रकरण उद्या खोट्या निवेदनाचं होईल. नको.

रोखीचं तर बोलायलाच नको, पण बोलतो, कारण याच ठिकाणी लोक खड्ड्यात जातात. मुंबईतला माणूस त्या विक्रेत्याच्या वतीने तुम्हाला रुपये देणार म्हणजे परदेशातल्या माणसाचं पेमेंट बँकेला वगळून घेणं, कलम ३ मध्ये हे स्पष्ट मना आहे. गल्लीतल्या भाषेत याला हवाला म्हणतात. एवढं करूनही आयडीपीएमएसची नोंद उघडीच राहणार, कारण बँकेत पैसे आलेच नाहीत. म्हणजे नोंद तीच, वर ईडीचं दार वाजायची सोय. विक्रेता खरंच अर्धे द्यायला तयार असेल तर त्याला लेखी कळवा की तुझ्या बँकेतून माझ्या बँकेत, मूळ इन्व्हॉइसचा नंबर टाकून पाठव. तो तयार झाला तर उत्तम, नाही झाला तर ते पत्रच तुमच्या वाजवी प्रयत्नांचा पहिला पुरावा. आजवर तुमच्याकडे एकही नाही, व्हॉट्सॲपच्या शिव्या सोडून.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात विक्रेत्याला वकिलामार्फत नोटीस, कुरियरने आणि ईमेलनेही. सोबत बँकेला सविस्तर पत्र: काय झालं, उशीर का झाला, आता काय करतोय. उशिराचं कारण खरं लिहा, तीन वर्षांचा गैरसमज झाला हेच लिहा, मी तरी अशिलाला नवीन गोष्ट रचायला सांगत नाही. दोन-तीन महिने वसुलीचा प्रयत्न दिसला पाहिजे. पैसे आले किंवा उशिरा का होईना माल आला, तर बँकेकडून नोंद सरळ करून घ्या. नाहीच आलं तर कलम १५ खाली कंपाउंडिंग, म्हणजे चूक स्वतः कबूल करून ठरेल ती रक्कम भरून मोकळं होणं. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे, फी १०,००० अधिक जीएसटी, सप्टेंबर २०२४ च्या नवीन नियमांनी ती ५,००० ची वाढवलीय. अर्ज मिळाल्यापासून १८० दिवसांत निकाल द्यायची मुदत कायद्यात आहे आणि आपल्याकडच्या कोर्टांच्या मानाने तो वेग विमानाचा म्हणायचा. ऑर्डर आली की पंधरा दिवसांत पैसे भरायचे, नाहीतर अर्ज केलाच नव्हता असं धरतात. इथे पण 'बघूया मागसून' केलंत तर माझ्याकडे येऊ नका. रक्कम किती ठरेल ते मी आत्ता सांगणार नाही. कलम १३ मध्ये कमाल दंड रकमेच्या तिप्पट लिहिलाय, तो आकडा वाचून घाबरू नका, ती वरची मर्यादा आहे. स्वतःहून आलेल्या माणसाला वागवायची रीत वेगळी असते, पण ते पण कागदांवर अवलंबून. तुमचे पैसे २०२४ ला गेले म्हणून मी तेव्हाच्या नियमांवर बोलतोय, अर्जाच्या दिवशी सध्याचं सर्क्युलर बघावंच लागेल.

ओरोसला, जिल्हा कोर्टात, दावा लावू का, हेही विचारलंत. लावता येईल बहुधा, तीन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही. करारात लवाद किंवा परदेशातल्या कोर्टाचं कलम आहे का ते आधी बघावं लागेल, आणि करार म्हणून तुम्ही एका पानाची प्रोफॉर्मा (विक्रेत्याचं आगाऊ बिल) पाठवलीय तिची खालची बाजू फोटोत कापली गेलीय. समजा डिक्री मिळाली, किती वर्षांनी ते मी पैज लावून सांगत नाही. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं त्यामुळे हायकोर्टासाठी मुंबईची फेरी वाचली हे खरं, पण त्या डिक्रीची वसुली शेवटी आबिदजानमध्ये तिथल्या कायद्याने करायची. १७ लाखांसाठी ते परवडतं का हा हिशोब तुमचा. मी नोटिशीवर थांबलो असतो.

बँक अडवू शकते का याचं उत्तर राहिलं. पूर्तता नसेल तर ती नाही म्हणू शकते, पण कलम १०(५) नुसार तो नकार लेखी द्यायला हवा. काउंटरवरचं 'नाय होणार' ऐकून परत येऊ नका, लेखी मागा, मागितल्यावर बऱ्याचदा मॅनेजर फाइल उघडून बसतो. बँक बदलायचा विचार सोडून द्या, उघडी नोंद तुमच्या आयईसी नंबरला, म्हणजे आयात-निर्यातीच्या कोडला, चिकटलेली असते, जाल तिथे दिसेल. आणि यंदाच्या सीझनला ॲडव्हान्स पाठवण्यापेक्षा एलसीवर माल घ्या, म्हणजे माल चढल्याचे कागद बघूनच बँक पैसे देते. दोन लाख डॉलरच्या आतल्या ॲडव्हान्सला बँक गॅरंटी लागत नाही, म्हणून पैसे इतके अलगद जातात.

शेवटी तुम्ही विचारलेलं व्हिएतनामच्या टेक्निशियनचं, तो आठ दिवस राहून तुमच्याकडचं मशीन बसवून गेला त्याची फी. ते सेवेचं पेमेंट, बँकेत द्यायचा फॉर्म ए-टू वेगळा, इन्कम टॅक्सचं निवेदन आणि सीएचं सर्टिफिकेट (१५सीए-१५सीबी म्हणून ओळखलं जाणारं) वेगळं, टीडीएस लागतो का ते करार बघून ठरेल, जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरायचा. हे मशीनच्या इन्व्हॉइसमध्ये घुसडून पाठवलं असेल तर आधी मला सांगा, बँकेला पत्र जायच्या आधी.

येताना हमीपत्राची प्रत, दोन्ही बँकांचे स्टेटमेंट, बिल ऑफ एंट्री आणि ती प्रोफॉर्मा पूर्ण, दोन्ही बाजू. लांज्याच्या मित्राला पण विचारा त्याचं मशीन पैसे गेल्यापासून किती दिवसांत आलं आणि त्याने बिल ऑफ एंट्री बँकेत दिलीय का. त्याचीही तीन वर्षं कधीतरी भरणारच.