वाचकांचे प्रश्न : हॉकीसाठी पॉवर स्केटिंग

प्रश्न : शाळेचं बास्केटबॉल कोर्ट सकाळी मोकळं असतं. आठ ते बारा वयाची चौदा-पंधरा मुलं इनलाइन स्केट्सवर (एका ओळीत चाकं असलेल्या) बऱ्यापैकी पळतात आणि त्यांना हॉकी खेळायची आहे. पॉवर स्केटिंगचा, म्हणजे हॉकीला लागणारा धक्का, वळणं आणि थांबणं शिकवणारा, वर्ग काढायचा तर सुरुवात कुठून करू?
— क्रीडाशिक्षक, होटगी रोड

आधी जमीन बघा. कोबा किंवा ट्रिमिक्स (यंत्राने पाणी शोषून घोटलेलं काँक्रीट) असेल तर उत्तम. शहाबादी फरशीच्या सांध्यांत चाक अडकतं आणि पेव्हर ब्लॉकवर तर वर्ग भरवूच नका. काँक्रीटमध्ये कापलेले जॉइंट असतात, ते सीलंटने पृष्ठभागाच्या पातळीपर्यंत भरून घ्या. मुलं तोंडावर आपटतात ती बहुतेक तिथेच. रोलर हॉकीचं पूर्ण मैदान साधारण 40 बाय 20 मीटरचं असतं. बास्केटबॉलचं कोर्ट 28 बाय 15, म्हणजे सामन्याला तोकडं, पण बारा मुलांच्या वर्गाला पुरेसं. रोज झाडू मारा, पाणी मात्र शिंपडू नका. ओलसर कोब्यावर चाकं धरत नाहीत.

वेळ पहाटेचीच ठेवा. एप्रिल-मेमध्ये सहा ते साडेसात. संध्याकाळी ऊन उतरलं तरी काँक्रीट तापलेलंच असतं आणि पडलेल्या मुलाचा तळहात भाजतो.

पहिले सहा आठवडे हातात स्टिक देऊ नका. पालक कुरकुरतील, मुलंही. पण स्टिक हातात आली की नजर खाली जाते, पाठ वाकते आणि गुडघे सरळ होतात. सवय लागली की ती मोडायला वर्ष जातं.

तासाची विभागणी अशी : दहा मिनिटं अंग मोकळं करणं, पंचवीस मिनिटं तंत्र, पंधरा मिनिटं छोट्या दौडी, शेवटची दहा मिनिटं पकडापकडी किंवा साखळी. दौड सहा ते आठ सेकंदांचीच आणि त्यानंतर निदान चौपट वेळ विश्रांती. मुलांना वीस-वीस फेऱ्या मारायला लावणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. दमलेलं मूल उभं राहून पाय ओढतं आणि तेच शिकतं.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षं स्केटिंगच्या क्लासला जाते. सरळ रेषेत जोरात जाते, पण हॉकीत मागे पडते. उजवीकडे वळताना तर हमखास पडते.
— पालक, जुळे सोलापूर

स्पीड स्केटिंगच्या ट्रॅकवर सगळ्या फेऱ्या डावीकडेच वळतात. दोन वर्षांत तिचा उजवा पाय डाव्यावरून हजारो वेळा गेला असेल, डावा उजव्यावरून क्वचितच. हॉकीत चेंडू कुठेही जातो. दोन शंकू पाच मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढायला लावा. मग एकाच शंकूभोवती पाच फेऱ्या डावीकडे, पाच उजवीकडे. दोन्हींची वेळ वहीत लिहा. फरक मिटेपर्यंत उजवीकडच्या फेऱ्या दुप्पट.

तिचे स्केट्सही तपासा. स्पीडचे बूट घोट्याखाली संपतात, चाकं मोठी आणि फ्रेम लांब असते. हॉकीला घोटा धरणारा उंच बूट आणि 72 ते 80 मिलिमीटरची चार चाकं लागतात. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून एक नंबर मोठा बूट घेऊन आत दोन जोड मोजे घालू नका. गुडघा वाकवल्यावर टाचेमागे बोट शिरत असेल तर तो बूट मोठा आहे. घोटा आत कलंडणार. लेस घोट्याशी घट्ट, पण सगळ्यात वरचं भोक मोकळं सोडा, नाहीतर नडगी पुढे झुकत नाही.

प्रश्न : “गुडघे वाकवा” असं रोज ओरडतो, मुलं कमरेत वाकतात. काय करावं?
— सहायक प्रशिक्षक, विजापूर रोड

ओरडणं थांबवा, दाखवा. एका दोरीला लोखंडी नट बांधा. मूल पवित्र्यात उभं असताना दोरीचं वरचं टोक त्याच्या गुडघ्याच्या वाटीशी धरा. नट बुटाच्या टोकापुढे लोंबला तर गुडघा पुरेसा वाकलाय. लेसवर लोंबला तर नाही. छाती वर, नजर समोर. दोन-तीनदा बघितलं की मुलं एकमेकांची तपासणी करायला लागतात.

खरी गोम पुढे आहे. पाय मागे नव्हे, बाजूला ढकलायचा, आणि ढकलून झाल्यावर शरीराच्या खाली, दुसऱ्या पायाजवळ परत आणायचा. बहुतेक मुलं तो परत आणतच नाहीत. पाय फाकवलेलेच ठेवून टकटक चालतात, त्यामुळे पुढचा धक्का निम्माच मिळतो. हे कानांनीही ओळखता येतं : खडखड ऐकू आली तर पावलं तोकडी, लांब सर्रर्र आली तर बरोबर. वीस मीटरला किती धक्के लागले ते मोजा. वेळ तीच राहून धक्के कमी झाले, की काम होतंय.

ताकदीसाठी आपली सोलापुरी चादर छान. लांबीत चार घड्या घालून पुढच्या मुलाच्या कमरेला, दोन्ही टोकं मागच्याच्या हातात. मागचा पायाची बोटं आत वळवून ब्रेक लावतो, पुढचा ओढतो. दहा मीटर, चार-पाच वेळा, मध्ये एकेक मिनिट. मागच्याने चादर अचानक सोडायची नाही. पुढचा थेट नाकावर जातो.

प्रश्न : बेअरिंग दर महिन्याला जाम होतात. चाकं आतून झिजतात.
— पालक, अक्कलकोट रोड

धूळ. आठ चाकांत सोळा बेअरिंग असतात. बाहेर काढा, रॉकेलमध्ये बुडवून फिरवा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाका. खोबरेल नको, ते चिकट होतं. पाण्याने धुतलं तर गंज चढेल. आतली बाजू झिजणं स्वाभाविक आहे, धक्का तिथूनच बसतो. दर दोन-तीन आठवड्यांनी पहिलं चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि डाव्या बुटाची उजव्याला लावा, झिजलेली बाजू बाहेर ठेवून. उघड्या काँक्रीटवर 82 ते 85 ए कठीणपणाची चाकं घ्या (‘ए’ हे कठीणपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कठीण). 74-78 ची मऊ चाकं गुळगुळीत इनडोअर जमिनीसाठी असतात, कोब्यावर ती खोडरबरासारखी उडतात.

प्रश्न : वर्ग चांगला चाललाय, तीस मुलं रांगेत आहेत. सगळ्यांना घ्यावं का?
— क्लबचालक, सात रस्ता

गणित करा. एक रांग, तीस मुलं, प्रत्येकाला आठ सेकंद : एका मुलाची पाळी चार मिनिटांनी येते, पंचवीस मिनिटांत जेमतेम सहा वेळा. बारा मुलं दोन रांगांत उभी केली तर तेवढ्याच वेळात प्रत्येकाला तीसेक पाळ्या. म्हणून आधी शिकवणारा वाढवा, मग मुलं. चौदा-पंधरा वर्षांची तयार मुलं मदतनीस म्हणून उभी करा. गट वयावर नको, कौशल्यावर पाडा : एका पायावर तीन सेकंद सरकता येतं का, मागे जाता येतं का, दोन्ही बाजूंना थांबता येतं का. दुसरा गट वेगळ्या दिवशी. फी वाढवण्याआधी हेल्मेट, गुडघा-कोपर गार्ड आणि मनगटाचे गार्ड सक्तीचे करा. स्टिक आल्यावर चेहऱ्याला जाळीही लागेल.

प्रश्न : बर्फावरच्या आइस हॉकीला हे उपयोगी पडेल का?
— विद्यार्थी, अशोक चौक

पवित्रा, धक्का, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, हे सगळं. थांबणं नाही. बर्फावर पातं आडवं करून घसरत थांबतात. चाकं जमिनीला धरून ठेवतात, त्यामुळे इथे एक पाय मागे आडवा घासून किंवा झटकन वळून थांबावं लागतं. लडाखला हिवाळ्यात किंवा डेहराडूनच्या रिंकवर गेलात, तर पहिला दिवस फक्त थांबण्याला द्या.