बुटाची सुरगाठ

"मॅडम, आठ वर्षांचा झाला, अजून बुटाची नाडी माझ्याकडूनच बांधून घेतो. जेवताना निम्मा भात ताटाबाहेर. गल्लीत फुटबॉलला कोण घेत नाही. डोक्यात काही कमी आहे का हो याच्या?" कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली आई विचारत होती. वडील म्हणाले, "आळशी आहे, दुसरं काय!"

हाच प्रश्न मला कितीतरी पालक विचारतात, आणि 'आळशी' हा शब्द ऐकला की मला वाईट वाटतं. मुलगा माझ्याशी पेठेतल्या टीमांबद्दल भडाभडा बोलला. लिहायला बसला तेव्हा मात्र पेन्सिल इतकी घट्ट धरली, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं. एका पायावर दोन सेकंदही उभं राहता येईना. तो जीव तोडून प्रयत्न करत होता.

डोळ्यांनी पाहिलेलं, सांध्या-स्नायूंकडून कळलेलं आणि हातापायांची हालचाल यांचा मेळ मेंदू सरावातून बसवतो. त्यात डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. काही मुलांत हा मेळ उशिरा बसतो. याला विकासात्मक समन्वय विकार म्हणतात. शाळकरी वयाच्या शंभरात साधारण पाच-सहा मुलांना तो असतो. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही निदान मी करत नाही. आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, नजर आणि नसा-स्नायू तपासून घेतले, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं सरावानं जमवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे. (येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं किंवा एकच हात-पाय कमजोर वाटला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.)

वडील कॉलेजपर्यंत तालमीत जायचे. मी विचारलं, "वस्तादांनी तुम्हाला डाव कसा शिकवला?"

"एकदम कुठला! आधी नुसता पवित्रा. मग पकड. एकेक अंग शंभरदा घोटून घ्यायचे."

"चुकलं की आळशी म्हणायचे?"

ते गप्प झाले. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

नाडीही तशीच शिकवायची ठरली, फक्त उलट्या टोकानं. सगळी गाठ वडिलांनी घालायची, मुलानं शेवटी दोन्ही फासे ओढायचे. गाठ रोज त्याच्याच हातानं पुरी होते, त्यामुळे हिरमोड होत नाही. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याची. नाड्या जाड आणि दोन रंगांच्या घेतल्या, बूट आधी मांडीवर. रोज जेवणाआधी दहा मिनिटं, ओरडायचं नाही. फुटबॉलही गांधी मैदानात दोघंच खेळू लागले. आधी थांबलेला चेंडू मारायचा, मग हळू घरंगळत येणारा.

गल्लीतली पोरं त्याला अजून घेत नाहीत. पण परवा आईचा फोन आला. गाठ सैल बसते, शाळेला निघताना हमखास सुटते. मग तो जिन्यात बसून स्वतः बांधतो, आणि रिक्षावाले मामा खाली हॉर्न न वाजवता थांबतात.